सगळाच अंधार उजळायचा नसतो

हल्ली मोबाइल आपोआप एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे झगझगीत उजेड आणि गडद सावली दोन्हीचं डिटेल एकाच फोटोत आणणं) करतो, मग कॅमेरा घेऊन एकाच गोष्टीचे पाच-सात फोटो काढायचे आणि घरी येऊन ते जोडत बसायचं हे कशाला, असं कुणी ना कुणी विचारतंच. आणि विचारणाऱ्याचं बरंचसं बरोबरही असतं. सहलीचा ग्रुप फोटो, रस्ता, संध्याकाळचं आकाश, याला मोबाइल पुरतो, कधीकधी तर कॅमेऱ्यापेक्षा बरं काम करतो. पण लेण्याच्या आत उभं राहून दाराकडे बघत काढलेला फोटो, कोकणातल्या घराचं माजघर खिडकीबाहेरच्या उन्हासकट, समईच्या उजेडातला देव, हे सगळं मोबाइलच्या स्क्रीनवर झकास दिसतं आणि जरा मोठं छापायला घेतलं की सावलीत दगड आहे का मेण आहे तेच कळत नाही. अशा जागी अजून तरी हाताने केलेल्या ब्रॅकेटिंगला, म्हणजे तोच फोटो कमी-जास्त उजळ असा अनेकदा काढण्याला, पर्याय नाही असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप असा की एचडीआर म्हणजे ते भडक फोटो ना? हो, ते पाप आहेच. २००७-०८ पासून पुढची काही वर्षं इंटरनेटवर नुसता धुमाकूळ होता, ढग काळेकुट्ट, गवत फ्लुरोसंट, माणसांच्या तोंडावर काजळी आणि प्रत्येक इमारतीच्या कडेने पांढरी प्रभावळ. सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर दिलाय म्हणून तो शेवटपर्यंत ओढायचाच असा काहीतरी पण होता लोकांचा. त्या फोटोंचं नेमकं काय बिघडायचं यावर मी बराच विचार केलाय, आणि मला वाटतं रंग हा त्यातला दुय्यम भाग. मूळ दुखणं हे की त्यात उजेडाची उतरंडच मोडलेली असायची. खिडकी, खिडकीजवळची भिंत, मग आतली भिंत, मग कोपरा, अशी जी उतरत जाणारी क्रमवारी डोळ्याला दिसते ती सपाट करून टाकायची, सगळंच एका पट्टीत, मग उजेड येतोय कुठून तेच कळत नाही आणि फोटो खोटा वाटतो. तेव्हा पुढे जे काही सांगतोय ते या एका गोष्टीभोवती आहे, डिटेल मिळवा, पण उतरंड मोडू नका. कोपरा कोपऱ्यासारखा काळोखी राहिला तर काही बिघडत नाही.

आता उदाहरणच घेऊ. लोणावळ्याजवळच्या कार्ला लेण्यातला चैत्य. पुण्यामुंबईचे लोक शाळेच्या सहलीत जाऊन आलेले असतात, पण फोटोसाठी इतकी अवघड आणि इतकी चांगली जागा जवळपास दुसरी नाही. पुढे ती भलीमोठी घोड्याच्या नालाच्या आकाराची खिडकी, आत दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी, टोकाला स्तूप आणि त्याच्यावरची लाकडी छत्री, आणि वर छताला दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या, अजून जागच्या जागी. स्तूपाकडे तोंड करून फोटो काढला तर एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एकाच फोटोत, जमून जातं. स्तूपाकडे पाठ करून खिडकीकडे बघायला लागलात की खरी मजा.

हिशोब बघा. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र) ला शटर साधारण १/४०० सेकंद येतं, ते जुनं सनी सिक्स्टीनचं गणित, उन्हात एफ/१६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. त्याच आयएसओला, त्याच अॅपर्चरला, आतल्या छताच्या फासळ्यांचा पोत नीट यायला आठ-दहा सेकंद लागू शकतात. १/४०० पासून १० सेकंद म्हणजे चार हजार पट उजेड, म्हणजे बारा स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), आणि हे नुसतं एका मधल्या टोनपासून दुसऱ्या मधल्या टोनपर्यंतचं अंतर, त्याच्या वरचे हायलाइट आणि खालच्या सावल्या वेगळ्याच. आजच्या चांगल्या फुल फ्रेम सेन्सरची रेंज कमी आयएसओला चौदाच्या आसपास स्टॉप मोजतात, पण त्यातले खालचे दोन-तीन स्टॉप इतके दाणेदार असतात की छापायच्या कामाचे नाहीत. म्हणजे एका रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) हे बसत नाही. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने घेतलं तर १/४००, १/१००, १/२५, १/६, ०.६ सेकंद, २.५ सेकंद आणि १० सेकंद, सात फ्रेम. रॉ काढत असाल तर एक-एक स्टॉपच्या अंतराने तेरा फ्रेम काढायची काहीएक गरज नाही, नुसतं कार्ड भरतं.

किती फ्रेम काढायच्या हे अंदाजाने ठरवू नका, हिस्टोग्राम बघा, म्हणजे कॅमेऱ्यातला तो आलेख, डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड. सगळ्यात काळ्या फ्रेममध्ये उजवीकडच्या भिंतीला काही चिकटलेलं नको आणि सगळ्यात उजळ फ्रेममध्ये डावीकडची भिंत मोकळी हवी, आणि नुसती मोकळी नाही, सावलीचा डोंगर चांगला मधल्या एक तृतीयांश भागापर्यंत सरकलेला हवा. बहुतेकांचं एचडीआर दाणेदार येतं ते इथे, कारण उन्हाच्या बाजूला तीन फ्रेम जास्तीच्या घेतात आणि सावलीच्या बाजूला एक कमी पडते. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये उजवीकडे थोडी जागा अजून असते हे लक्षात ठेवा, पण त्या भरवशावर फार राहू नका.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो कारण हे सगळीकडे मिळतं. मोड मॅन्युअल किंवा अॅपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे फ्रेम बदलताना फक्त शटर बदलेल, अॅपर्चर बदललं की डेप्थ, म्हणजे पुढून मागपर्यंत किती भाग स्पष्ट दिसतो ते, बदलते आणि कडा जुळत नाहीत. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्स एकच ठेवा. आणि ऑटो आयएसओ बंद, हे मी परत सांगतो, ऑटो आयएसओ बंद, नाहीतर काही कॅमेरे शटरऐवजी आयएसओ हलवून ब्रॅकेट करतात आणि तुमची सगळ्यात उजळ फ्रेम, जी सगळ्यात स्वच्छ यायला हवी, तीच सगळ्यात दाणेदार निघते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाचा एक पर्याय असतो तोही बंद करा. तो चालू असला की दहा सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा अजून दहा सेकंद शटर बंद ठेवून काळी फ्रेम घेत बसतो, तेवढ्यात ढग सरकतात, माणसं येतात, सगळा सेट विस्कटतो.

ब्रॅकेटिंगची सोय प्रत्येक कॅमेऱ्यात सारखी नसते. कॅननच्या साध्या मॉडेलमध्ये तीन फ्रेम, जास्तीत जास्त दोन स्टॉपच्या फरकाने, एवढंच मिळतं, पण दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला तर तिन्ही फ्रेम एका दाबात निघतात, बोट लागत नाही. निकॉनच्या डी ३४००, डी ३५०० मध्ये ऑटो ब्रॅकेटिंगच नाही. मग मॅन्युअलवर शटरची चकती हाताने फिरवायची, दोन स्टॉप म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांवर सहा खटके, आणि मोजत मोजत काढायचं. जमतं. कॅमेरा थोडा हलतो तेवढाच, आणि तेवढं सॉफ्टवेअर जुळवून घेतं.

आता ट्रायपॉडचं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या लेण्यांत साधे फोटो काढायला हरकत नसते, पण ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. पाय उघडायला घेतले रे घेतले की लांबून पहारेकरी काकांचा आवाज येतो, "ओ साहेब, तो स्टँड आत नाही चालायचा." त्यात त्या काकांची काही चूक नाही, नियम आहे. वाद घालू नका. मी एक जाड कापडाची पिशवी शिवून घेतलीय, आत मूग, तोंड शिवलेलं, ती जमिनीवर ठेवायची, वर कॅमेरा दाबून बसवायचा, दोन सेकंदांचा टायमर. दहा सेकंदांची फ्रेमसुद्धा खणखणीत येते आणि खालून काढल्यामुळे खांब असे उंच चढत जातात की मुद्दाम उभं राहून काढावंसंच वाटत नाही. पिशवी जमिनीवरच ठेवा, कोरीव कामावर, मूर्तीच्या पायावर वगैरे टेकवू नका, लोक टेकवतात म्हणून सांगतोय.

पिशवीही नसेल आणि हातातच काढायचं असेल तर एक गंमत होते, ती आधी लक्षात येत नाही. हात हलतो म्हणून तुम्ही आयएसओ ८०० आणि एफ/४ करता, म्हणजे पाच स्टॉप वाढवले. दहा सेकंद आता साधारण १/३ सेकंदावर आले, खांबाला पाठ टेकून, स्टॅबिलायझर असेल तर जमूनही जाईल. पण दुसरं टोक बघा, १/४०० चं १/१२८०० झालं, आणि साध्या कॅमेऱ्याचं शटर १/४००० च्या पुढे जात नाही. म्हणजे सावली मिळवायच्या नादात बाहेरचं ऊन गेलं. मधला मार्ग म्हणजे आयएसओ ४०० आणि एफ/५.६, मग उन्हासाठी १/३२०० लागतं आणि सावलीसाठी सव्वा सेकंद, तो सव्वा सेकंद हातात नाही निघणार पण एक पायरी आधी, १/३ ला थांबायचं आणि छताच्या फासळ्या थोड्या काळोखात सोडून द्यायच्या. सोडून देणं हाही एक पर्याय असतो.

आणि वेळ. कार्ल्याजवळच्या भाजे लेण्यातला चैत्य पश्चिमेकडे उघडतो आणि त्याचा पुढचा लाकडी दर्शनी भाग आता उरलेला नाही, त्यामुळे दुपार कलली की ऊन पार आत येतं आणि आतबाहेरचा फरक आपोआप कमी होतो. सात फ्रेमचं काम तीनवर येतं. एचडीआरचं सगळ्यात चांगलं तंत्र कुठलं असं विचारलंत तर मी हेच सांगेन, दुपारी बाराला जाऊ नका. कॅमेऱ्यापुढच्या उन्हाशी भांडण्यापेक्षा ते तिरपं व्हायची वाट बघणं परवडतं.

फोटो जोडण्याकडे येतो. दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक दोन्हीला सरसकट एचडीआर म्हणतात. पहिली वाट म्हणजे सगळ्या फ्रेममधून त्या जागेचा खरा उजेड किती होता याचा एक नकाशा काढायचा, ही पद्धत पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक या संशोधकांनी १९९७ साली मांडली, आणि मग तो प्रचंड पल्ला स्क्रीनच्या छोट्या पल्ल्यात दाबून बसवायचा, त्याला टोनमॅपिंग म्हणतात. दुसरी वाट एक्स्पोजर फ्यूजनची, २००७ ची, मर्टेन्स आणि मंडळींची. तिच्यात तो नकाशा वगैरे काही नाही, प्रत्येक फ्रेमचा जो भाग नीट एक्स्पोज झालाय, ज्यात रंग आणि कॉन्ट्रास्ट चांगला आहे, त्याला जास्त वजन देऊन सरळ मिश्रण करायचं. एनफ्यूज हे फुकटचं सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं. तशी कल्पना फार जुनी आहे, गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हमधून आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हमधून घेऊन एकच प्रिंट काढायचा, कारण तेव्हाच्या काचेवर दोन्ही एकदम येतच नव्हतं.

नवीन माणसाने फ्यूजनपासून सुरुवात करावी. बिघडवायला फारसे स्लायडरच नसतात त्यात. टोनमॅपिंगमध्ये हात जास्त मोकळा मिळतो आणि बिघडायचे रस्तेही तितकेच. ल्युमिनन्स एचडीआर हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर, त्यात टोनमॅपिंगच्या बऱ्याच पद्धती दिल्यात, राइनहार्ड शांत स्वभावाची, फातल आणि मान्टियुक या जरा अंगात आल्यासारख्या. लाइटरूम या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१५ पासून मर्जची, म्हणजे फ्रेम जोडायची, सोय आहे, ती मला आवडते कारण ती जोडून परत एक रॉसारखी डीएनजी फाइलच देते आणि पुढे नेहमीचेच स्लायडर, फक्त एक्स्पोजरचा स्लायडर पाचऐवजी दहा स्टॉपपर्यंत जातो. म्हणजे काही चकचकीत इफेक्ट नाही, नुसती ऐसपैस रॉ फाइल.

आता काय काय बिघडतं आणि का.

प्रभावळ. खांबाच्या किंवा डोंगराच्या कडेने पांढरी पट्टी. याचं कारण असं की लोकल टोनमॅपिंग प्रत्येक पिक्सेल किती दाबायचा हे त्याच्या आजूबाजूचा सरासरी उजेड बघून ठरवतं. आकाशाच्या मधल्या पिक्सेलच्या आजूबाजूला सगळं उजळच असतं, तो नीट दाबला जातो. पण खांबाला चिकटून असलेल्या आकाशाच्या पिक्सेलच्या शेजारात अर्धा काळा खांब येतो, सरासरी खाली जाते, सॉफ्टवेअरला वाटतं इथे फारसं उजळ नाहीच, आणि तो पिक्सेल कमी दाबला जातो. झाली पट्टी. उपाय म्हणजे स्ट्रेंथ कमी करणं हा पहिला. रेडियस बदलून बघणं हा दुसरा, फार लहान केला तर पट्टी बारीक होते पण सगळा फोटो खरबरीत दिसतो, मोठा केला तर पट्टी रुंद होऊन विरळ होते, ती डोळ्याला कमी खुपते. आणि तिसरा, जो मी शेवटी करतोच, मूळ काळी फ्रेम वरच्या लेयरवर ठेवून मास्कने फक्त ती कड रंगवून घेणं. वेळ जातो पण काम चोख होतं.

राखाडी चुना. हा आमच्या कोकणातल्या घरी नेहमीचा. माजघराची भिंत चुन्याने रंगवलेली, पांढरीशुभ्र, बाहेर अंगणात ऊन. टोनमॅप केलं की भिंत सिमेंटसारखी राखाडी होते आणि बाहेरचा जांभा शेंदरी. कारण सॉफ्टवेअर सगळ्यांनाच मधल्या टोनकडे ओढतं, पांढऱ्यालाही आणि काळ्यालाही. टोनमॅपिंगनंतर कर्व्हमध्ये पांढरा आणि काळा बिंदू परत लावल्याशिवाय फोटो पुरा झाला असं समजूच नका. बहुतेक मळकट एचडीआर निव्वळ काळा बिंदू नसल्यामुळे मळकट असतात. जांभ्याचं वेगळं, कॉन्ट्रास्ट दाबताना सॅच्युरेशनही हलतं, तेव्हा नारिंगी आणि लाल यांचं सॅच्युरेशन वेगळं खाली आणा, सगळ्या फोटोचं एकदम उतरवू नका, नाहीतर झाडं मरतात.

आणि हो, खिडकीबाहेरचं अंगण आतल्या भिंतीपेक्षा उजळच दिसलं पाहिजे. अंगणातली तुळस ओळखू आली म्हणजे पुरे, तिची पानं मोजता यायची गरज नाही. हॉटेलांच्या आणि फ्लॅट विकायच्या जाहिरातीत खिडकीबाहेरचा देखावा आतल्या सोफ्याइतक्याच उजेडात असतो ना, ते बघितलं की भिंतीवर पोस्टर चिकटवल्यासारखं दिसतं.

भुतं. फ्रेम बदलताना काहीतरी हललं की अर्धपारदर्शक माणसं, दोन-दोन फांद्या. कार्ल्याला तर एकवीरा आईचं देऊळ चैत्याच्या अगदी दाराशी, सुट्टीच्या दिवशी आणि चैत्रातल्या यात्रेत माणसांची रीघ, दाराच्या उजेडात कुणी ना कुणी असणारच. सॉफ्टवेअरमधलं डीघोस्टिंग काय करतं तर जिथे हालचाल दिसली तेवढा तुकडा एकाच फ्रेममधून उचलतं. म्हणजे त्या तुकड्यात एचडीआर नसतोच, आणि तो तुकडा सावलीतला असेल आणि काळ्या फ्रेममधून उचलला गेला असेल तर तिथे एकदम दाणे दिसतात, बाजूचा दगड गुळगुळीत आणि मध्ये हा खडबडीत ठिपका. म्हणून डीघोस्टिंग हाय वर टाकून मोकळं होऊ नका, आधी लो, आणि लाइटरूममध्ये तो तुकडा रंगवून दाखवायची सोय आहे ती चालू करून बघा कुठे कुठे हात घातलाय ते. दहा सेकंदांच्या फ्रेममध्ये चालती माणसं तशीही विरघळून जातात, अडचण दाराशी उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांची. तिथे थांबणं हाच उपाय.

गणपतीची आरास हे तर या भुतांचं माहेरघरच. मूर्तीमागे मखर, मखरावर एलईडीच्या माळा, पुढे समया, मुकुटाला सोनेरी रंग, आणि खोलीत ट्यूबलाइट. पाच फ्रेम काढल्या की प्रत्येकीत माळेचे वेगळे दिवे पेटलेले, मर्ज केलं की काही दिवे अर्धवट, काहींभोवती काळे डाग. माळेच्या कंट्रोलरवर बटण असतं, दाबत दाबत सगळे दिवे स्थिर राहतील अशा मोडवर आणा, निम्मं काम तिथेच संपलं. बटण नसेल तर माळ एकदा पूर्ण फिरून येईल एवढा वेळ शटर उघडं राहील अशी एक फ्रेम घ्या आणि माळ तेवढ्या फ्रेममधून मास्क करून आणा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण १/४०० च्या फ्रेममध्ये ते कधी उजळ कधी मंद येतात, रंगही बदलतो, आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आडवे पट्टे पडतात. घरात काढताना सगळ्यात वेगवान फ्रेम १/१०० च्या पुढे जाऊ नये असं अॅपर्चर आणि आयएसओ निवडा, जमलं तर शटर मेकॅनिकल ठेवा.

समईच्या ज्योतीचं वेगळं. ती प्रत्येक फ्रेममध्ये हललेली असते, तिला मर्जच करू नका. ज्या काळ्या फ्रेममध्ये ज्योतीचा आकार आणि आतला निळसर बुंधा दिसतोय ती एक निवडा, मर्ज केलेल्या फोटोवर ठेवा, मऊ ब्रशने फक्त ज्योती उघड्या करा, भोवतीचा पिवळा झगमगाट खालच्या मर्जमधला राहू द्या. मुकुटावरची, दागिन्यांवरची चमक मात्र पूर्ण पांढरी गेली तरी जाऊ द्या. ती सावरायला गेलात की सोनं पितळ दिसतं.

गुलाबी हायलाइट. उन्हाच्या जागी, ढगात, कधी ट्यूबलाइटच्या भोवती गुलाबी डाग. सेन्सरचा हिरवा चॅनल सगळ्यात आधी भरतो, मग व्हाइट बॅलन्समध्ये लाल आणि निळ्याला वाढवून गुणलं की हिरवा कमी पडतो आणि गुलाबी उरतं. याचा अर्थ तुमच्या सगळ्यात काळ्या फ्रेममध्येसुद्धा तो भाग जळलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट रिकव्हरी करून लपवता येतं, खरं औषध म्हणजे अजून दोन स्टॉप काळी एक फ्रेम.

धुरकटपणा. खिडकीच्या भोवतीची सावली दुधाळ दिसते, कितीही कॉन्ट्रास्ट द्या. दहा सेकंदांच्या फ्रेममध्ये खिडकी हजारो पट ओव्हर झालेली असते, तो उजेड लेन्सच्या काचांमध्ये आपटून सगळीकडे पसरतो. पुढचा स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून टाका, कधीकधी तर त्याच्यात त्या खिडकीचं उलटं प्रतिबिंब पडलेलं दिसतं. लेन्स पुसा. आणि जमलं तर खिडकीचा सगळ्यात झगझगीत भाग खांबाआड जाईल असं अर्धं पाऊल सरका, या एका अर्ध्या पावलाने जे होतं ते कुठल्याच स्लायडरने होत नाही.

बाकी बारीकसारीक, खांबाच्या कडेची जांभळी रेघ मर्ज करायच्या आधी काढा, नंतर ती पसरते. सेन्सरवरची धूळ टोनमॅपिंगने ठसठशीत होते, म्हणून एफ/१६ ला जाऊ नका, तिथे ती आणखी ठळक दिसते, एफ/८ बरं. जेपेगवर जोडाजोडी करत असाल तर आकाशात पायऱ्या पायऱ्या दिसतील, आठ बिटमध्ये तेवढे टोनच नसतात, रॉमधून काढलेली सोळा बिट टिफ वापरा.

मोबाइलबद्दल एक सांगायचं राहिलं. आयफोनमध्ये एचडीआर २०१० मध्ये आलं तेव्हा तो वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटोच जोडत होता. गूगलच्या एचडीआर प्लसने वेगळा रस्ता धरला, एकाच एक्स्पोजरचे, मुद्दाम काळे ठेवलेले बरेच फोटो झटपट काढायचे म्हणजे हायलाइट जळत नाहीत, आणि ते एकावर एक रचून सरासरीने दाणे घालवायचे, मग सावली उचलायची. ही युक्ती आपल्यालाही वापरता येते, हातात कॅमेरा असताना ब्रॅकेटऐवजी एकाच एक्स्पोजरच्या आठ-दहा फ्रेमचा बर्स्ट मारा आणि घरी सरासरी काढा, चार फ्रेमची सरासरी म्हणजे दाणे निम्मे. आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून जे अल्ट्रा एचडीआर आलंय, गॅलरीत फोटो उघडला की सूर्य एकदम झगमगतो ते, त्याचा आपल्या या सगळ्याशी उलटा संबंध आहे. आपण उजेडाचा मोठा पल्ला दाबून स्क्रीनच्या छोट्या पल्ल्यात बसवतोय आणि तिथे स्क्रीनचाच पल्ला मोठा केलाय. नाव एकच असल्यामुळे गोंधळ होतो.

छापायला देणार असाल तर एवढं करा. स्क्रीन मागून पेटलेली असते, कागद नाही, त्यामुळे स्क्रीनवर जेमतेम दिसणाऱ्या फासळ्या कागदावर, त्यातून मॅट कागदावर, सरळ काळ्या होतात. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून बघा, तरी सावलीत जे दिसतंय तेच छापून येईल असं धरा, फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत करा, आणि मोठी प्रिंट द्यायच्या आधी त्याच कागदावर फक्त छताचा कोपरा चार बाय सहामध्ये काढून मागा. लॅबवाले कुरकुरतात, पण देतात.